बारा काचांमधलं कासव

आमच्या गावातल्या घराघरांत भिंतींवर आजे-पणजे टांगलेले आहेत. सगळ्यांची मान ताठ, डोळे वटारलेले, ओठ घट्ट मिटलेले. बाहेरचा पाहुणा आला की चहाचा कप हातात धरून म्हणतो, "केवढी करारी माणसं होती हो तुमच्याकडची!" आम्ही मान डोलावतो. करारी कसली डोंबलाची, मानेला मागून चिमटा लावलेला होता.

गावात फोटोवाला एकच. त्याचा स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, लाकडी जमिनीचा, अर्ध्या छपराला काचा बसवलेल्या. मधोमध खुर्ची आणि खुर्चीच्या मागे लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला दोन बोटांचा चिमटा. गिऱ्हाईक बसलं की फोटोवाला मागून येऊन तो चिमटा कानांखाली बसवायचा, पेच आवळायचा, काळ्या फडक्यात शिरायचा, पुन्हा बाहेर यायचा, भिंगावरच्या झाकणाला हात घालायचा आणि छपराच्या काचा थरथरतील अशा आवाजात ओरडायचा, "हलू नका!" मग झाकण काढून सहापर्यंत आकडे. त्या सहा आकड्यांत नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. एका ठेकेदाराला चौथ्या आकड्याला शिंक आली, तर फोटोत त्याला दोन नाकं आली. माणूस बिचारा महिनाभर तोंड लपवून फिरला. त्याच्या बायकोनं मात्र तो फोटो दर्शनी भिंतीवर लावला आणि अजून लावलेला आहे, मी पाहून आलोय.

तेव्हा या फोटोवाल्याचं नाव पडलं हलूनका. आईबापांनी ठेवलेलं नाव नगरपालिकेच्या दप्तरात असेल कुठेतरी, पण पोस्टमनसुद्धा पत्र हातात देताना "हलूनका, तुमचं पत्र" असंच म्हणायचा.

माणूस तसा सरळ. फक्त हलणाऱ्या गोष्टींशी त्याचं वाकडं होतं. लंबकाचं घड्याळ घरात चालायचं नाही. मांजराला शेपूट असते हे त्याला मान्य होतं, पण ती हलवायचं कारण त्याला कधी पटलं नाही. आणि अशा माणसाला बायको कशी मिळाली म्हणता? तिला बसवून ठेवायचं म्हणजे खुर्चीलाच दोर बांधावा लागेल, अशी. त्यांचा लग्नातला फोटो हलूनकांनीच घेतला, झाकणापाशी एका पाहुण्याला उभं करून; ओरडले मात्र स्वतः. चिमटा नवरीच्या गजऱ्यात बसेना, म्हणून तिला तशीच उभी केली. त्या फोटोत नवरा एक आणि नवऱ्या तीन आहेत, तिघींची तोंडं तीन दिशांना. पंचवीस वर्षं झाली तरी हलूनका लोकांना सांगत, "हा माझा सगळ्यात हुबेहूब आलेला फोटो."

एकदा एक खेळण्यांचा व्यापारी फोटो काढायला आला आणि जाताना एक डबा विसरून गेला. पत्र्याचा, वरून उघडा, खालच्या खिळ्यावर गरगर फिरणारा आणि अंगाला बारा उभ्या फटी. आत कागदाची पट्टी बसवायची, पट्टीवर उडी मारणाऱ्या कुत्र्याची बारा चित्रं, प्रत्येक चित्रात कुत्रा जरा पुढे सरकलेला. डबा फिरवून फटींतून पाहिलं की चित्रं एकमेकांत मिसळायची आणि कुत्रा खरोखरच उडी मारायचा. एकदा नाही, डबा थांबेपर्यंत मारतच राहायचा. बायकोला ते खेळणं इतकं आवडलं की ती स्वयंपाक करताकरता एका हातानं डबा फिरवायची.

"ही फसवणूक आहे," हलूनका म्हणायचे. "मी तीस वर्षं खपून माणसं थांबवतोय, आणि तू कागद पळवतेस?"

"तुमची माणसं जिवंत असून मेल्यासारखी दिसतात," बायको म्हणायची. "हा कुत्रा कागदाचा आहे, पण बघा कसा मजेत आहे."

संसार असा चालला होता. त्यात मेहुण्याचं प्रकरण उपटलं.

हलूनकांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, नगरपालिकेच्या बागेत प्राण्यांचा राखणदार होता. एके काळी तिथे दोन हरणं, एक मोर, एक साळिंदर आणि एक माकड होतं. हरणं म्हातारी होऊन गेली, मोर उडून गेला, साळिंदराचं काय झालं त्याबद्दल गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही मी चारचौघांत सांगणार नाही. माकडाची दुसऱ्या गावच्या बागेत बदली झाली. शेवटी राहिलं एक कासव. त्या कासवाला सांभाळायला मेहुणा, आणि मेहुण्याला राहायला बागेच्या फाटकाला लागून दोन खोल्या, दारात नळ. नऊ वर्षं दोघांचं उत्तम चाललं होतं.

मग नवे नगराध्यक्ष आले. नवा अध्यक्ष आला की पहिल्या महिन्यात सगळ्याची तपासणी करतो, हे काही नवीन नाही. हे बागेत आले, कासवासमोर उभे राहिले, खिशातलं घड्याळ काढून दहा मिनिटं पाहत राहिले. मग हातातल्या काठीनं पाठीवर टकटक केलं.

"हे काय आहे?"

"कासव आहे, साहेब," मेहुणा म्हणाला.

"कशावरून?"

आता या प्रश्नाला माणसानं काय उत्तर द्यावं? मेहुण्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "रजिस्टरात लिहिलंय, साहेब."

अध्यक्षांनी हेडक्लार्कला हुकूम सोडला, की तीन दिवस समोर बसून निरीक्षण करा आणि अहवाल द्या. हेडक्लार्क हा गावातला सगळ्यात शांत झोपेचा माणूस. समोरच्या बाकावर तीन दिवस बसला आणि चौथ्या दिवशी सुवाच्य अक्षरात अहवाल दिला, की सदर वस्तूने निरीक्षणाच्या काळात कोणतीही हालचाल केलेली नाही. झालं! समितीपुढे प्रस्ताव आला. दगडाला राखणदार लागत नाही, सबब राखणदाराची जागा रद्द करावी. दोन खोल्या रिकाम्या करून त्यांत पाण्याचे पाइप ठेवावेत. आणि अध्यक्षांच्या दालनाचं दार वाऱ्यानं आपटतं, तर सदर वस्तू त्या दाराला अडकण म्हणून वापरावी. निर्णय येत्या गुरुवारी.

मेहुणा धावतपळत बहिणीकडे आला. त्याची एक खोड होती, बोलताना तो येरझाऱ्या घालायचा. स्टुडिओची लाकडी जमीन त्याच्या पावलागणिक दणदण हादरायची. मागे एकदा तो चार दिवस राहायला आला होता, त्या चार दिवसांत फोटो काढलेल्या एकाही गिऱ्हाइकाला धड चेहरा आला नव्हता.

"ताई, वस्तू म्हणाले गं त्याला!" मेहुणा या भिंतीपासून त्या भिंतीकडे जात म्हणाला. "आणि मी कुठे जाऊ? नऊ वर्षांचं घर माझं."

"आधी एका जागी उभा राहा," हलूनका म्हणाले. "ते हलतं ना? मग समितीला हलताना दाखव."

मेहुणा थांबला. खाली मान घालून म्हणाला, "भाऊजी, तुमच्यापासून काय लपवायचं? मीसुद्धा कधी पाहिलं नाही."

"काय?"

"सकाळी हौदापाशी असतं. संध्याकाळी पलीकडच्या मेंदीच्या कुंपणाखाली. मधल्या वेळात जातं कधीतरी. पण मी पाहत असलो की जात नाही. पाठ फिरवली की जातं. लाजाळू आहे."

"लोक म्हणतात, तूच उचलून ठेवतोस."

"आईशप्पथ नाही, भाऊजी! वजन बघा त्याचं!"

बायकोच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं. ती उठली आणि हाताच्या वितीनं स्टुडिओचा कोपरा मोजू लागली.

"काय करतेस?" हलूनकांनी विचारलं.

"याची खाट इथे बसेल. कासवाला खिडकीखाली. मागचा रंगवलेला पडदा तेवढा काढावा लागेल, तो आडोशाला लावू."

हलूनका पडद्यापुढे जाऊन उभे राहिले. त्या पडद्यावर तळं होतं, तळ्याकाठी कठडा होता आणि गेली तीस वर्षं सगळं गाव त्या कठड्याला टेकून उभं राहिलं होतं. आणि तो मेहुणा, रोज, आयुष्यभर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत!

"दुसरा काही उपाय नाही का?"

"आहे की," बायको म्हणाली. "त्या डब्यात कुत्रा उडी मारतो, मग कासव चालायला काय हरकत आहे? बारा फोटो काढा, पट्टीवर चिकटवा, गुरुवारी समितीपुढे फिरवा."

"कुत्र्याची ती चित्रं कोणीतरी बसून काढलेली आहेत. खरं जनावर काय माझ्यापुढे नीट बसणार आहे?"

"हे बसेल. तेवढंच तर येतं त्याला."

मंगळवारी सकाळी हलूनका कॅमेरा, कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी, फोटो उमटवायच्या बारा काचा आणि काळं फडकं घेऊन बागेत गेले. चिमटा न्यायलाही विसरले नाहीत.

"भाऊजी, त्याची मान आत आहे," मेहुणा म्हणाला.

"बाहेर आली की लावू," हलूनका म्हणाले. सवय ती सवय.

दिवसभर पाऊण-पाऊण तासानं एक काच. दर वेळी फडक्यात शिरायचं, बाहेर यायचं आणि कासवाकडे बघून गरजायचं, "हलू नका!" संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत काचा धुतल्या, कागदावर उतरवल्या, पट्टी डब्यात बसवली. बायकोनं डबा फिरवला. आत कासव बसलेलं. आणखी जोरात फिरवला. कासव आणखी ठाम बसलेलं. डबा फिरतोय की थांबलाय, तेच आतून कळेना.

"वा!" हलूनकांचे डोळे पाणावले. "याला म्हणतात गिऱ्हाईक! बारा काचा, पण कडा बघ, केसभर हललेली नाही. हा फोटो मी दर्शनी काचेत लावणार."

"लावा, आणि शेजारी माझ्या भावाचं बिऱ्हाड लावा," बायको कडाडली. "अहो, तुम्ही त्या मुक्या जिवावर एवढ्यानं ओरडता, ते हलेल कसं? उद्या तोंडातून शब्द काढायचा नाही!"

बुधवारी सकाळी त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. झाकणाला हात घातला, तोंड मिटलं. पण हात पुढे जाईना. तीस वर्षांत ते झाकण त्या दोन शब्दांशिवाय कधी निघालेलं नव्हतं, ते आता निघायला तयार नव्हतं. बायकोनं त्यांच्या खांद्याला धरून बागेबाहेर काढलं आणि रस्त्यावर भिंतीच्या पलीकडे तोंड फिरवून उभं केलं.

"तुम्ही इथे ओरडा आणि आकडे मोजा. झाकण मी काढते."

म्हणजे आता तुम्हाला एक गुपित सांगून टाकतो. ज्या फोटोंमुळे पुढे एवढं रामायण झालं, ते हलूनकांनी काढलेच नाहीत. ते त्यांच्या बायकोनं काढले. ती कासवाकडे पाठ करून बसायची, शेंगा निवडायची. पलीकडून आवाज आला की डोळे मिटून मागे वळायची, चाचपत झाकण काढायची, पलीकडून "दोन" ऐकू आलं की लावायची. बागेत ऊन लख्ख, दोन आकड्यांत काम व्हायचं. मग काच बदलायची, पुन्हा पाठ.

मेहुण्याची नजर कासवावर पडू नये, हा प्रश्न हेडक्लार्कनं सोडवला. समितीतर्फे साक्षीदार म्हणून तोच आला होता. राखणदारानं कासव उचलून ठेवू नये म्हणून त्यानं मेहुण्याला अवजारांच्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, समोरच्या बाकावर बसला, हाताची घडी घातली आणि पहिल्या काचेच्या आधीच त्याची मान छातीवर आली.

भिंतीच्या पलीकडे मात्र वेगळाच घोटाळा चालला होता. त्या रस्त्यानं जाणारी-येणारी सगळी माणसं आपल्या गावचीच. लहानपणापासून कधी ना कधी प्रत्येकाच्या मानेला तो चिमटा लागलेला. भिंतीकडे तोंड करून हलूनका गरजले, "हलू नका!" आणि सगळा रस्ता जागच्या जागी थिजला. दोन शेजारणी भांडत होत्या, एकीचं बोट दुसरीच्या नाकासमोर तसंच राहिलं. पाववाला सायकलवरून चालला होता, तो सायकलीसकट रस्त्याकडेच्या झुडपात पडला, पण पडल्यावरही हलला नाही. शाळामास्तरांचं एक पाऊल गटारावर, एक हवेत. "दोन" म्हटल्यावर सगळे सुटले आणि आपापल्या कामाला लागले, जणू काही झालंच नाही. पुन्हा पाऊण तासानं तेच. दुपारपर्यंत रस्त्यावर नुसती बाचाबाची. एक टांगेवाला रागानं म्हणाला, "मी थांबतो हो, पण माझा घोडा थांबत नाही ना!" तो घोडा एकट्यानंच टांगा घेऊन चौकापर्यंत गेला होता, टांगेवाला दोन्ही हात लगाम धरल्यासारखे पुढे करून रस्त्यात उभा.

संध्याकाळी काचा धुवायला घेतल्या. पहिल्या काचेत कासव हौदापाशी. दुसरीत हौदापासून चार हात लांब. तिसरीत वाटेच्या कडेला. बाराव्या काचेत मेंदीच्या कुंपणाखाली, फक्त मागचा भाग बाहेर. हलूनकांनी पट्टी लावली, डबा फिरवला, फटीला डोळा लावला.

कासव धावत होतं.

हौदापाशी निघालं की सुसाट मेंदीकडे, मेंदीत शिरलं की पुन्हा हौदापाशी, पुन्हा सुसाट. दिवसभराची चाल एका गरक्यात! हलूनकांनी डबा थांबवला. मग इकडेतिकडे पाहून पुन्हा फिरवला. जेवायला तीन वेळा हाक मारावी लागली.

गुरुवारी समिती भरली. लांब टेबल, शेंड्याला अध्यक्ष. उजव्या हाताला गणिताचे निवृत्त मास्तर, डाव्या हाताला पाणीपुरवठ्याचे सभासद. हे पूर्वी हातपंप बसवायचे आणि त्यांच्या दंडाला अजून गाव भिऊन असे. टेबलाच्या टोकाला वही उघडून हेडक्लार्क. समोर हलूनका, त्यांची बायको, डबा, आणि मागे भिंतीला टेकून मेहुणा. त्याला येरझाऱ्या घालायला बहिणीनं बंदी केली होती, म्हणून तो एका जागी नुसता झुलत होता.

अध्यक्षांनी फटीला डोळा लावला. बायकोनं डबा फिरवला.

अध्यक्षांची टोपी मागे सरकली. "अरे बापरे!"

"काय झालं?" मास्तर उठले. "बघू, बघू." त्यांनी पाहिलं, आणि खुर्ची मागे सरकवली. "हे तर पळतंय!"

"थांबतच नाही हो!" अध्यक्ष म्हणाले. "मघापासून नुसत्या फेऱ्या चालल्यात."

मास्तरांनी घड्याळ काढलं. "राखणदार, हौदापासून मेंदीपर्यंत अंतर किती?"

"चाळीस फूट असेल, सर."

"एका मिनिटात फेऱ्या मोजा." पंपवाल्यांनी मोजल्या, साठ भरल्या. मास्तरांनी कागदावर गुणाकार केला, चष्मा पुसला, पुन्हा केला. "मिनिटाला चोवीसशे फूट. अध्यक्ष महाराज, तुमची घोडागाडी एवढी पळत नाही."

"तेही बिनश्रमानं," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

आता हलूनका खरे बोलणारे गृहस्थ. त्यांनी हात वर केला. "माफ करा, पण ही चाल सबंध दिवसाची आहे. पाऊण-पाऊण तासानं एक फोटो. एरवी ते फार हळू..."

"तुम्ही फोटो काढा," मास्तर म्हणाले. "गणित आमच्याकडे सोडा."

"पण डबा जोरात फिरवला म्हणून..."

"असं म्हणता?" पंपवाले उठले, बाह्या सारल्या आणि डब्याला असा गरका दिला की टेबलावरची दौत नाचली. फटीत पाहून ते पांढरेफटक पडले. "याहून जोरात पळू शकतं! मास्तर, वाढवा आकडा!"

मास्तरांनी वाढवला. हलूनकांनी तिसऱ्यांदा खरं सांगितलं. हेडक्लार्कनं वहीत लिहिलं, की छायाचित्रकारांनी प्राण्याच्या वेगाबाबत निवेदन केले. बायकोनं नवऱ्याच्या कोपराला असा चिमटा काढला की चौथं निवेदन घशातच राहिलं.

"आणि ते मागे काय दिसतंय?" पंपवाल्यांचा डोळा अजून फटीला होता. "बाकावर. कासव पुढून शंभर वेळा गेलं, पण ते तसूभर हललेलं नाही."

मास्तरांनी वाकून पाहिलं. "पुतळा दिसतोय."

"आपण बागेत पुतळा कधी बसवला?" अध्यक्षांनी विचारलं. "हेडक्लार्क?"

हेडक्लार्कनं डब्यात डोकावून पाहिलं. त्याला आपली टोपी ओळखू आली असावी. तो सावकाश खुर्चीत बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "जुनं दप्तर बघून सांगतो, साहेब."

"कोणाचा का असेना, देखभाल नाही त्याची. कावळ्यांनी घाण केलेली दिसते डोक्यावर. लिहा, पुतळ्याला दर सहा महिन्यांनी चुना लावण्यात यावा."

हेडक्लार्कनं स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं.

"आणि हा तुमचा अहवाल!" अध्यक्षांनी कागद आपटला. "कोणतीही हालचाल नाही म्हणे! एवढं चपळ जनावर समोरून गेलं आणि तुमच्या डोळ्याला दिसलंसुद्धा नाही. काय वेग असेल!" मग ते खिडकीतून बागेकडे पाहू लागले. त्यांचा बंगला बागेच्या मागेच होता. "आमची नातवंडं तिथे खेळतात. आणि या भयंकर प्राण्यावर नऊ वर्षं एकटा माणूस? निःशस्त्र?"

सगळ्यांनी वळून मेहुण्याकडे पाहिलं. तो झुलायचा थांबला. आपल्याला ओरडणार आहेत असं वाटून म्हणाला, "साहेब, मला कधी त्रास दिला नाही त्यानं."

"धीराचा माणूस आहे," मास्तर म्हणाले.

ठराव एकमतानं झाला. राखणदाराची जागा कायम. दोन खोल्या कायम, शिवाय त्याच्या जिवाच्या काळजीनं खिडकीला लोखंडी गज. कासवाभोवती छातीइतका उंच कठडा. फाटकावर पाटी, 'सावधान. प्राणी अतिशय वेगवान आहे.' राखणदाराला खाकी गणवेश आणि गळ्यात शिट्टी, प्राणी धावू लागताच वाजवण्यासाठी. दाराला अडकण म्हणून विटेचा विचार व्हावा.

बाहेर आल्यावर बायकोनं रस्त्यातच भावाच्या पाठीत धपाटा घातला, रडली, हसली, पुन्हा धपाटा घातला. हलूनका मात्र तोंड पाडून चालले होते.

"सगळं खोटं ठरलं," ते म्हणाले. "ते हळू चालतं. मी सांगितलं त्यांना."

"तीनदा सांगितलंत," बायको म्हणाली. "तुमचं काय चुकलं त्यात? पडदा राहिला ना जागेवर?"

मेहुणा मागे रेंगाळला होता. त्याच्या हातात डबा होता आणि तो पोस्टाच्या पायरीवर टेकला होता. बुधवारी तो दिवसभर कुलपात, गुरुवारी समितीत भिंतीशी, त्यानं अजून आत पाहिलंच नव्हतं. त्यानं फटीला डोळा लावला आणि डबा फिरवला, पण इतका हळू, इतका हळू, की धावणं दिसेचना, एकेक चित्र सुटंसुटं पुढे येई आणि जाई.

"अरे, जोरात फिरव," हलूनका म्हणाले. "असं काय दिसणार?"

"थांबा, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "पाऊल बघा कसं उचललंय त्यानं. आधी उजवं. नऊ वर्षं मला वाटायचं, डावं असेल."

हलूनकांनी वाकून पाहिलं. दोघं पुरुष पोस्टाच्या पायरीवर डोक्याला डोकं लावून बसले. लोक शिक्के मारून घ्यायला आत जायचे ते त्यांना ओलांडून जायचे. बायको एका जागी उभी राहून कंटाळली, शेवटी भाजी घेऊन परत आली, तरी ते सातव्या चित्रापर्यंतच पोचले होते.

शनिवारी गणवेशाचं माप द्यायचं होतं. एकट्याला लाज वाटते म्हणून मेहुणा हलूनकांना सोबत घेऊन शिंप्याकडे गेला. शिंप्यानं पाटी वाचली होती. गावात कोणी वाचली नव्हती? त्यानं फीत गळ्यात टाकली, गुडघ्यावर बसला आणि मोठ्या आदरानं वर पाहून म्हणाला, "अशा जनावरामागे धावायचं म्हणजे पँट मांडीत ढगळ हवी. इथे चार बोटं जास्त सोडतो. ढांग टाकली, झेप घेतली, तरी उसवणार नाही."

मेहुण्यानं थोडा विचार केला.

"मांडीत नको," तो म्हणाला. "बसायला सोड."